तार वेगळी, भोपळा वेगळा : घरच्या फाइल सर्व्हरच्या नोंदी

रविवार, २ मार्च २०२५, मिरज

ट्रंकेतल्या कॅसेटी आज पुन्हा मोजल्या. १४० भरल्या. १९८६ ते १९९८ अशी बारा वर्षं गुरुजी दर गुरुवारी आमच्या सोप्यात बसून आईला शिकवायचे आणि बाबा शेजारी टेपरेकॉर्डर लावून ठेवायचे. मैफल नव्हे, तालीम. एकच जागा वीस-वीस वेळा घेतलेली, मध्येच थांबवून समजावलेली. हे गाणं दुसरीकडे कुठंही मिळणार नाही.

अशीच एक ट्रंक मामाच्या घरी होती, सांगलीत गावभागात. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णा घरात शिरली. चिखलातून काढलेल्या कॅसेटी आईनं गच्चीवर वाळवल्या, फिती उलगडून पुसल्या. एकही वाजली नाही. त्यानंतर मी उरलेल्या कॅसेटी संगणकावर उतरवायला घेतल्या. नोकरी सांभाळून आतापर्यंत २२ झाल्या.

गेल्या मंगळवारी त्या २२ ज्या पोर्टेबल डिस्कवर होत्या ती टेबलावरून पडली. लावली तर नुसती टक्‌टक् करते. लॅपटॉपवर दुसरी प्रत होती म्हणून वाचलं. पण ती शोधून, उघडून, शेवटपर्यंत ऐकेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आता हे पोर्टेबलवर ठेवणं बंद. घरात कायम चालू राहणारा, दोन डिस्कवर एकदम लिहिणारा सर्व्हर, म्हणजे फाइली सांभाळणारा संगणक, करायचा, आणि शक्यतो माळ्यावरच्या जुन्या सामानातून.

जागेचा हिशोब सोपा आहे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, स्टीरिओ म्हणजे तासाला साधारण एक जीबी. दीड तासाच्या १४० कॅसेटी, म्हणजे २१० तास, म्हणजे सव्वादोनशे जीबीच्या आत. फ्लॅक केलं (आवाजाला धक्का न लावता फाइल लहान करायची पद्धत) की जवळपास निम्मं. घरचे फोटो आणि शेताचे कागद धरले तरी २ टीबी पुष्कळ झाले.

आईला सांगितलं. तिची अट एकच: "क्लास चालू असताना मला त्याचा आवाज येता कामा नये, बघ." आईचा क्लास रोज संध्याकाळी सोप्यात असतो, रविवारी सकाळीही. सर्व्हरला जागा आहे ती माजघरात. मध्ये एक भिंत.

शनिवार, ८ मार्च

माळ्यावरून २०१४ चं डेस्कटॉप खाली काढलं. चौथ्या पिढीचा इंटेल कोअर आय-३, नेमका सांगायचा तर ४१३०, एच-८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४-४ जीबीच्या दोन डीडीआर-३ रॅम. या बोर्डाला साटाची, म्हणजे डिस्क जोडायची, चार पोर्ट आहेत, त्यांतली दोनच पूर्ण वेगाची. आपल्याला दोन डिस्क आणि एक छोटी एसएसडी लावायची आहे, पुरे. फिरणारी डिस्क तशीही जुन्या वेगाच्या पोर्टात मावते, त्यामुळे तिकडून अडचण नाही.

उघडल्यावर आत पालीची दोन अंडी, हीटसिंकच्या पात्यांत फेल्टसारखी बसलेली धूळ. ब्रश आणि सायकलचा पंप घेऊन अंगणात तासभर. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. पुसून नवी लावली, मोहरीपेक्षा थोडी मोठी, वरून हीटसिंक दाबला की ती आपोआप पसरते. घड्याळाचा सेल, सीआर २०३२, मेला होता. तोही बदलला.

रविवार, ९ मार्च

रात्रभर मेमटेस्ट, रॅम तपासणारा प्रोग्राम, लावून ठेवला. सकाळी पडदा लाल. दुसऱ्या रॅममध्ये चुका. काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासले, मऊ फडक्यानं पुसून परत बसवली, पुन्हा लावला. दिवसभरात तीन फेऱ्या, एकही चूक नाही. तरी अजून एक रात्र चालवणार. रॅममध्ये खोट असेल तर चुकीचाच डेटा दोन्ही डिस्कवर नीट लिहिला जाईल आणि कळणारही नाही. या एका ठिकाणी घाई नको.

शनिवार, १५ मार्च

डिस्क तपासल्या. घरात तीन निघाल्या. एक २ टीबी, मिनिटाला ७२०० फेऱ्यांची, याच डेस्कटॉपमधली. दुसरी २ टीबी, ५४०० फेऱ्यांची, दादानं पुण्याहून पाठवलेल्या, टेबलावर ठेवायच्या जुन्या एक्स्टर्नल डिस्कच्या खोक्यातून सोडवलेली. तिसरी १ टीबी.

स्मार्टच्या तक्त्यात (डिस्क स्वतःच ठेवते तो तिच्या तब्येतीचा हिशोब) मी आधी तीन ओळी बघते: ५, १९७ आणि १९८. पाचव्या ओळीत किती सेक्टर (डिस्कवरचे छोटे तुकडे) बदलून टाकले ते, १९७ मध्ये किती सेक्टर वाचायला त्रास देताहेत ते, १९८ मध्ये किती वाचताच आले नाहीत ते. पहिल्या दोन्ही डिस्कवर तिन्ही शून्य. १ टीबीवालीच्या १९७ मध्ये १६. ती बाद. "अजून चालतेय की" असं मनात आलं, पण त्या १६ मध्ये एखादी तान असेल तर?

दोन्ही डिस्कना पूर्ण पृष्ठभागाची लांब चाचणी दिली, प्रत्येकी साडेचार-पाच तास. पास.

जुन्या एसएमपीएसचा (संगणकाला वीज देणारा डबा) मात्र मोह सोडला. जुन्याचा पंखा घरघरतो आणि त्याला साटाची एकच पिन. दुसरी डिस्क मोलेक्सवरून (जुन्या पद्धतीची विजेची पिन) साटा करणाऱ्या जोडवायरवर चालवावी लागली असती. त्या वायरींत दोन जाती असतात. एकीच्या तोंडात वायरी प्लॅस्टिक ओतून बसवलेल्या, दुसरीत एकेक वायर स्वतंत्र दाबून बसवलेली. ओतलेल्या जातीत आतल्या वायरी सरकून एकमेकींना चिकटतात आणि तोंड वितळतं, पेटही घेतं. चोवीस तास चालणारं यंत्र, लाकडी माळवदाचं घर. नवीन एसएमपीएस आणला, १२० मिलिमीटर पंख्याचा. दोन पंखे आणि दोन साटा केबल सोडल्या तर या सगळ्यात विकत आणलेलं मोठं सामान तेवढंच.

शनिवार, २२ मार्च

एसएसडीवर डेबियन १२, म्हणजे लिनक्स. डिस्कवर झेडएफएस ही फाइल सिस्टीम, मिरर, म्हणजे दोन्ही डिस्कवर तोच डेटा. फार लिहिण्यासारखं काही नाही, एक गोष्ट सोडून: डिस्क जोडताना लिनक्सनं दिलेली एसडीए, एसडीबी ही नावं वापरली नाहीत, डिस्कच्या अनुक्रमांकावरून बनणारी लांब नावं वापरली. केबल इकडची तिकडे झाली की एसडीए-एसडीबीची अदलाबदल होते, अनुक्रमांकाची होत नाही. तेच अनुक्रमांक पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून डिस्कच्या कडेला लावले. उद्या एक डिस्क गेली आणि घाईत मी चांगलीच उपसून काढली, असं होऊ नये.

झेडएफएस घ्यायचं कारण असं की प्रत्येक तुकड्याची चेकसम, म्हणजे डेटावरून काढलेला ताळ्याचा आकडा, ते स्वतः ठेवतं. वाचताना ती जुळली नाही तर दुसऱ्या डिस्कवरची शाबूत प्रत देतं आणि बिघडलेली दुरुस्त करतं. साध्या मिररला दोन प्रतींत फरक दिसला तरी खरी कुठली ते ठरवता येत नाही.

लॅपटॉपवरून कॉपी करून पाहिलं तर वेग सेकंदाला ११ एमबीच. शंभर मेगाबिटवर अडकलं होतं. माजघरातल्या केबलचं टोक उजेडात धरलं तर आठांपैकी चारच वायरी क्रिंप केलेल्या, बाकीच्या चार कापून टाकलेल्या. टोक कापून आठही वायरी बसवल्या. आता ११० च्या आसपास.

रविवार, ३० मार्च, पाडवा

गुढी उभारून झाल्यावर सर्व्हर माजघरात, फडताळाच्या खालच्या कप्प्यात ठेवला आणि सुरू केला. जुन्या घरातलं भिंतीतलं फडताळ, भिंत दोन फुटी, कॅबिनेट नेमकं बसतं. मला काहीच ऐकू येईना. बरं वाटलं.

सोमवार, ३१ मार्च

आईनं क्लास अर्ध्यावर थांबवला.

आत येऊन म्हणाली, "अगं, तुझ्या त्या डब्याची पट्टी काय आहे? माझा खर्ज थरथरतोय." मी म्हटलं, डब्याला कुठली पट्टी? तिनं मला बाहेर नेऊन तंबोऱ्यापाशी बसवलं आणि खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची, तार एकटी छेडली. तार स्थिर सुटायची आणि मग हेलकावत जायची, पाण्यात उभी काठी हलल्यासारखी दिसते तसं. आत जाऊन सर्व्हर बंद केला. तीच तार सरळ, शांत, शेवटपर्यंत.

भिंतीपलीकडून मला "काहीच" ऐकू येत नव्हतं ते हे.

मंगळवार, १ एप्रिल

फोनवर वर्णपटाचं ॲप घेऊन फडताळासमोर बसले. आधी वाटलं होतं ट्रान्सफॉर्मरची गुणगुण असेल. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची गुणगुण १०० वर दिसते. १०० वर काही नव्हतं. ठळक शिखर १२० वर, दुसरं बारीक ९० वर.

म्हणजे डिस्क. मिनिटाला ७२०० फेऱ्या भागिले ६०, सेकंदाला १२०. दुसरीच्या ५४०० भागिले ६०, सेकंदाला ९०. चकती अगदी केसभर जरी असमतोल असली तरी दर फेरीला एक धक्का देते.

आता आईचा सा काळी पाच, म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी. तिच्या तंबोऱ्याचा खर्ज त्या हिशोबानं ११६.५ हर्ट्झ. १२० आणि ११६.५ मध्ये साडेतीनचा फरक, म्हणून सेकंदाला साडेतीन हेलकावे. काळी पाचच्या वरची पांढरी सात खालच्या सप्तकात १२३.५ वर येते. १२० बरोबर दोन्हींच्या मध्ये, ना इकडचा ना तिकडचा. बेसूर असायला यापेक्षा नेमकी जागा सापडणार नाही.

आईला आकडे वाचून दाखवले. तिनं ९० आणि १२० ऐकवायला सांगितलं, फोनवरून दोन्ही सूर एकदम लावले. ऐकून म्हणाली, "हा तर प-सा आहे. तंबोराच लागलाय की, फक्त परक्या पट्टीत." ९० ला १२०, तीनास चार. खालच्या पंचमापासून षड्जाचं अंतर तेवढंच. तिनं ते दोन सेकंदांत ओळखलं, मला कागद लागला.

शनिवार, ५ एप्रिल

चार दिवस डोक्यात पंखा बदलू, स्पंज लावू, डिस्क झोपवून ठेवू असंच चाललं होतं. डिस्क झोपवायची म्हणजे काम नसताना थांबवायची, पण मग दिवसातून दहा वेळा थांबणं-सुरू होणं आलं. जुन्या डिस्कला सलग फिरणं त्यापेक्षा बरं असं माझं मत.

वाट आईनं दाखवली. तंबोरा पुसत होती. सहज म्हणाली, "तार कुठं वाजते? वाजतो तो भोपळा." आमच्या गल्लीत तंबोरे बनवणारे आहेत, लहानपणापासून बघतेय: पंढरपूर भागातून आलेले वाळलेले भोपळे दोरीला टांगलेले, त्यांवर टिचकी मारून आवाज बघणारे कारागीर. नुसती तार खिळ्यांत ताणून छेडली तर हातभर अंतरावरही धड ऐकू येत नाही. घोडीवरून (तार जिच्यावर टेकते ती) कंप तबलीत, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी पाटीत, उतरतो, भोपळ्यातली हवा हलते, तेव्हा खोली भरते.

लगेच करून पाहिलं. ७२०० ची डिस्क कॅबिनेटमधून काढून, केबल लावलेल्या ठेवून, चार पदरी घडी घातलेल्या चादरीवर ठेवली आणि सुरू केली. कान जवळ नेला तर बारीक फिरण्याचा आवाज, बस. बंद करून, पूर्ण थांबू देऊन, लाकडी टेबलावर ठेवून सुरू केली. टेबल गायला लागलं. परत कॅबिनेटमध्ये चार स्क्रूंनी घट्ट आवळली. कडेच्या पत्र्यावर तळहात ठेवला तर हाताला मुंग्या.

डिस्क ही तार. स्क्रू ही घोडी. पत्रा हा भोपळा. मी तर स्क्रू जितके घट्ट तितकं चांगलं असं समजून ते आवळून ठेवले होते.

रविवार, ६ एप्रिल

डिस्क टांगल्या.

कॅबिनेटमध्ये वर सीडी ड्राइव्हसाठी सव्वापाच इंची खण असतो. डिस्कची रुंदी चार इंच, म्हणजे दोन्ही बाजूंना दोनेक सेंटिमीटर मोकळं राहतं. सायकलची जुनी ट्यूब घेतली, साबणानं धुतली (आत पांढरी पूड असते, ती उडता कामा नये), बोटभर रुंदीचे गोल कापले. एकेक गोल खणाच्या चौकटीभोवती ताणून बसवला, त्याला मध्ये एक पीळ दिला आणि त्या पिळाच्या वरच्या व खालच्या पदरात डिस्क सरकवली. पुढं एक, मागं एक. डिस्क पत्र्याला कुठंही टेकत नाही, बोटानं ढकलली तर हलून जागेवर येते. खालच्या हिरव्या सर्किटवर रबर येणार नाही आणि हवेच्या बारीक छिद्रावर तर मुळीच नाही, हे दोनदा पाहिलं. साटा केबलही सैल सोडल्या. ताठ केबल असली तर कंप तिच्यातून पत्र्यात उतरतो, पुन्हा घोडी तयार होते.

दोन डिस्कना दोन खण. नशिबानं या जुन्या कॅबिनेटला दोन आहेत.

१२० चं शिखर त्याच जागेवरून मोजलं तर १८ डेसिबलनं खाली. ९० चं दिसेनासं झालं. संध्याकाळी आईनं खर्ज छेडून पाहिला, एकदा, परत एकदा, मग काही न बोलता मुलींना पलटे द्यायला घेतले.

रबरात टांगलेलं यंत्र चालू असताना जागचं हलवायचं नाही, कॅबिनेट कुठं न्यायचं झालं तर आधी डिस्क काढायच्या. ट्यूब वाळून चिरते, दर सहा महिन्यांनी बघायची. फडताळाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं तारीख लिहिली: ६ ऑक्टोबर.

सोमवार, ७ एप्रिल

पत्र्याला चिकटलेली डिस्क पत्र्याला उष्णताही देत होती. टांगल्यावर ती सोय गेली. ३८ अंशांवरून ४३ वर. पुढच्या बाजूला १२० मिलिमीटरचा पंखा, डिस्कवरून हवा जाईल असा. ६५० फेऱ्यांवर ठेवला, परत ३९.

पंख्याचा आवाज फेऱ्या निम्म्या केल्या की साधारण १५ डेसिबलनं उतरतो, हवा मात्र निम्मीच कमी होते. म्हणून लहान पंखा जोरात फिरवण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश. या पंख्याला सात पाती आहेत. सहज गणित केलं: १००० फेऱ्या गुणिले सात, भागिले ६०, उत्तर ११६.७. काळी पाच! आईला सांगितलं तर म्हणाली, "मग तेवढ्यावरच ठेव की." पण १००० ला हवेची सूं जास्त आहे, आणि पंखा काही सुरात टिकत नाही, पाच-दहा फेऱ्या इकडे-तिकडे होतच राहतात. ६५०च.

रविवार, १३ एप्रिल

डेबियनमध्ये झेडएफएसची महिन्याची तपासणी दुसऱ्या रविवारी मध्यरात्रीनंतर आपोआप सुरू होते. सगळा डेटा वाचून चेकसम जुळवतात, तिला स्क्रब म्हणतात. सकाळी पाहिलं तर ५४०० च्या डिस्कपुढं सात चुका, सगळ्या दुरुस्त केलेल्या.

पोटात गोळा आला. पण स्मार्टमध्ये ५, १९७, १९८ शून्यच होते, वाढली होती १९९ ची ओळ. १९९ म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेवर बिघडलेला डेटा. डिस्क निर्दोष, वाट खराब. टांगताना मी त्या बाजूला जुन्यातली एक केबल वापरली होती, तिची कडी तुटलेली. नवी लावली, पुन्हा स्क्रब. शून्य. १९९ चा आकडा कमी होत नाही, तो आहे तिथंच थांबला पाहिजे. वहीत लिहून ठेवला: २३.

सोमवार, २८ एप्रिल

बाहेर ४०. फडताळात ३४, डिस्क ४५ आणि ४४. कंपनीची मर्यादा ६०, मी ५२ वर इशारा लावलाय. सुतारकाकांकडून फडताळाच्या दारांत खाली आणि वर जाळी बसवून घेतली, गार हवा खालून आत, गरम वरून बाहेर. खालच्या जाळीला आतून मच्छरदाणीचा तुकडा. धुळीसाठी आणि मुंग्यांसाठी.

विजेचं माप घेतलं. जुन्या एसएमपीएसवर ४६ वॅट होतं, आता निवांत असताना ३०. महिन्याला साडेएकवीस युनिट.

शनिवार, १७ मे

३८ कॅसेटी झाल्या. आज सर्व्हरचं नव्हे, कॅसेटींचंच लिहिते.

आई म्हणते, सुरुवातीच्या वर्षांत गुरुजी चढे वाटतात. त्या कॅसेटींत जी पेटी वाजते ती आजही आमच्याच सोप्यात आहे, त्यामुळे ताळा घेता आला. पेटीचा काळी पाच २३३ च्या जवळ, कॅसेटमध्ये तोच सूर २३७.५. डेक जोरात फिरतोय म्हणावं तर १९९१ नंतरच्या कॅसेटी बरोबर येतात. म्हणजे त्याआधीचा टेपरेकॉर्डर सावकाश फिरत होता. आणि काही कॅसेटींत तर सूर शेवटाकडे आणखी चढत जातो. आईला आठवलं: लाइट गेली की बाबा तो सेलवर चालवायचे. सेल उतरत जायचे, फीत मंदावत जायची, आणि आज सरळ वेगानं वाजवताना तेच गाणं चढत जातं. त्या गुरुवारी घरात लाइट नव्हती, हे चाळीस वर्षांनी फितीतून कळतं.

दुरुस्ती करायची, पण मूळ उतरवलेल्या प्रतीला हात लावायचा नाही. "मूळ" फोल्डर फक्त वाचण्यापुरतं ठेवलं. शेजारी "सुरात" फोल्डर, आणि किती टक्के वेग बदलला त्याची चिठ्ठी.

गुरुवार, २२ मे

यंदा पाऊस मेमध्येच आलाय. संध्याकाळी तीन वेळा लाइट गेली, सर्व्हर तीन वेळा धाडकन बंद. झेडएफएस शाबूत उठलं, जुन्या डेटाला धक्का नाही. पण कॅसेट ४१ ची ब बाजू शून्य बाइटची.

मी फाइल "कट" करून सर्व्हरवर टाकली होती. लॅपटॉपला वाटलं पोहोचली, त्यानं मूळ पुसली. सर्व्हरनं ती रॅममध्ये घेतली होती आणि डिस्कवर उतरवायचे शेवटचे काही सेकंद राहिले होते. फीत पुन्हा वाजवावी लागली. चाळीस वर्षांची फीत दर वेळी थोडी झडते, डेकच्या हेडवर तपकिरी भुकटी दिसते, म्हणून हे मनाला लागलं.

आजपासून: कट बंद. कॉपी करायची, दोन्हीकडची चेकसम जुळवायची, दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवरची पुसायची.

रविवार, १ जून

यूपीएस. माळ्यावर ६०० व्हीएचा होता, बॅटरी फुगलेली. नवी १२ व्होल्ट ७ एएच बॅटरी घातली, सर्व्हर अर्धा-पाऊण तास निघतो. बझर फार कर्कश, त्यावर कापूस ठेवून चिकटपट्टी.

या यूपीएसला यूएसबी नाही, त्यामुळे लाइट गेली हे सर्व्हरला कळणार कसं? राउटर मुद्दाम साध्या लाइटवरच ठेवला. सर्व्हर दर अर्ध्या मिनिटाला राउटरला हाक मारतो. दहा वेळा ओळीनं उत्तर आलं नाही, म्हणजे पाच मिनिटं, तर स्वतःला नीट बंद करतो. राउटर नुसता रीस्टार्ट झाला तर दोन मिनिटांत परत येतो, म्हणून पाचची मर्यादा.

पहिल्याच वेळी एक फट दिसली. लाइट गेली, सर्व्हर शहाण्यासारखा बंद झाला, वीस मिनिटांत लाइट आली, सर्व्हर बंदच. बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) "वीज परत आल्यावर सुरू हो" असं ठेवलंय, पण यूपीएस पूर्ण उतरलाच नव्हता. बोर्डाच्या दृष्टीनं वीज गेलीच नव्हती, मग परत येणार कुठून? आता बंद होण्याआधी तो बोर्डाच्या घड्याळाला दोन तासांनंतरचा गजर लावतो. गजर झाला की उठतो, राउटर दिसला तर राहतो, नाही दिसला तर परत गजर लावून झोपतो. यूपीएस पुरता उतरला असेल तर बायोसची सोय आहेच.

स्विच काढून चार वेळा करून पाहिलं. चालतं.

रविवार, १५ जून

दादा आणि वहिनी आलेत. आतापर्यंत जे केलं ते एकाच घरातलं, एकाच फडताळातलं. मिरर डिस्क मरण्यापासून वाचवतो. आग, चोरी, पूर, किंवा मीच चुकून पुसलेलं फोल्डर यांपासून नाही. पुसलेल्यासाठी रोज स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या डेटाची गोठवलेली नोंद, आहेत. बाकीच्यांसाठी दोन छोट्या पोर्टेबल डिस्क: एक कायम पुण्यात दादाकडे, एक इथं. तो आला की अदलाबदल. कूटबद्ध केल्यात, शेताचे कागद आहेत त्यात. किल्लीचं वाक्य कागदावर लिहून एक दादाच्या कपाटात, एक आईच्या पोथ्यांच्या कापडात.

मामालाही विचारलं, एक प्रत तुझ्याकडे ठेवू का. म्हणाला, "वरच्या मजल्यावर ठेव म्हणजे झालं." ठेवणार आहे.

गुरुवार, १० जुलै, गुरुपौर्णिमा

५६ कॅसेटी. सकाळी आईच्या विद्यार्थिनी जमल्या. पूजा झाल्यावर तिनं टॅबवर "सुरात"मधली १९८८ ची एक तालीम लावली. तोडी. गुरुजी रिषभ घेतात, आई चुकते, ते परत घेतात, ती परत चुकते, मागं बाबांच्या खुर्चीचा आवाज. मग आईनं तंबोरा उचलला आणि त्या आवाजाबरोबर छेडला. सदतीस वर्षांपूर्वीची पेटी आणि आजचा तंबोरा एका सुरात लागले.

सर्व्हर भिंतीपलीकडे चालू होता. मी जाऊन पाहिलं, ४१ अंश.

रविवार, १३ जुलै

रात्रीचा स्क्रब: शून्य चुका. १९९ ची ओळ २३ वरच. ७२०० च्या डिस्कचा पुढचा रबर किंचित ढिला वाटतोय, ऑक्टोबरपर्यंत थांबायचं नाही, पुढच्या शनिवारी बदलायचा. ट्यूब आणलीय.

कॅसेट ५७ ला बुरशी आहे, कडेनं पांढरी. ती आधी कोरड्या जागी चार दिवस, मग हातानं एकदा पूर्ण पुढं-मागं फिरवून, मगच डेकमध्ये. तोवर ५८ घेते.